पन्हाळ्याच्या वाटेवर लांब पळणाऱ्यांनो, या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर असतो. जॉब मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. आठ वर्षांपूर्वी पळायला लागलो तेव्हा मात्र ही मोजायची सवय कारखान्याच्या गेटवरच ठेवून आलो. कुणी सांगितलं तसं प्यालो, कुणी सांगितलं तसं खाल्लं, आणि शरीरानं त्याची किंमत मोजली. रंकाळ्यावर पहाटे नव्यानं येणारी पोरं आज त्याच चुका करताना दिसतात, म्हणून हे लिहितोय.

सोप्या दिवशी जोर काढणं

आठवड्यातले बहुतेक दिवस हळू पळायचे असतात आणि हळू कुणीच पळत नाही. आपल्याकडं ईर्षा पेठेच्या फुटबॉलपासूनच अंगात मुरलेली. शेजारून कुणी पुढं गेला की पाय आपोआप उचलतात. मग सोप्या दिवशी विश्रांती मिळत नाही आणि जोराच्या दिवशी जोर उरत नाही. कसोटी साधी आहे: पळताना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सोबत कुणी नसेल तर पाढे म्हणा.

घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचं सूत्र १९७१ च्या सुमारास रूढ झालं, आणि त्यामागं त्यासाठी केलेला स्वतंत्र अभ्यास नव्हता. २००१ साली ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं सुधारित सूत्र आलं. साठीच्या माणसाला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. दोन्ही सरासरीच, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. एवढी चूक दाखवणारा गेज आम्ही कारखान्यात वापरत नाही. तेव्हा सूत्राला अंदाज समजा आणि स्वतःच्या श्वासाकडं बघा.

तहान नसताना पाणी ढोसणं

ही चूक मला सगळ्यात महागात पडली. मे महिना होता. शिवाजी पूल ओलांडून केर्ली, वाघबीळ, वर पन्हाळा आणि परत, असा बेत. ‘तहान लागायच्या आधीच प्यायचं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून दिसेल त्या टपरीवर थांबून बाटली रिकामी करत होतो. उतरून केर्लीच्या जवळ आलो तेव्हा बोटातली अंगठी रुतायला लागली. फिरवून बघितली, फिरेना. डोकं जड, तोंडाला पाणी सुटलेलं, मळमळ. सोबतचा मित्र काळजीनं म्हणाला, ‘भावा, ऊन लागलंय तुला, अजून पाणी पी.’ मी अजून प्यालो आणि रस्त्याकडेला बसून ओकलो.

घरी येऊन काट्यावर उभा राहिलो. निघताना ६८.४ किलो होतो, आल्यावर ६९.१. चार तास घाम गाळून वजन वाढलेलं! त्या दिवशी रक्त तपासलं नाही, पण नंतर जे वाचलं त्याच्याशी सगळी लक्षणं जुळली. जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. ते फार उतरलं तर मेंदूला सूज येते, फिट येते, माणूस दगावतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम उतरलेलं निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांना धोका ठळकपणे जास्त होता.

उपाय मोजण्यातच आहे. पळायच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. समजा दीड तासात वजन १.१ किलो उतरलं आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यालात, तर घाम १.६ लिटर गेला, म्हणजे तासाला साधारण एक लिटर. हा आकडा जानेवारीत वेगळा येतो, मे महिन्यात वेगळा. सगळा घाम भरून काढायची गरज नसते. थोडं वजन उतरणं ठीक, वाढणं अजिबात ठीक नाही. तहान लागली की प्या.

घामातनं गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला लोक ओआरएस, म्हणजे मीठ-ग्लुकोजचं पाणी, पितात. त्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे सीमेवरच्या बनगावला आले आणि छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपायला आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि ते पाजायला रुग्णांच्या नातेवाइकांनाच लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्यामागं पाणी जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. याच ओआरएसच्या नावावर पुढं साखरेची टेट्रापॅक पेयं दुकानात आली. एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी अनेक वर्षं झगडल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला मनाई केली. पाकीट घेताना मागं वाचा: लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उन्हाला एकदम भिडणं

शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस घेतं. रोज तासाभराचं उन्हातलं हळू पळणं पुरतं. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. मधे दोन-तीन आठवडे खंड पडला तर हा सराव ओसरतो.

हे ज्ञान आलं कुठून, ते बघितलं की मला पळताना सुद्धा विचार सुटत नाही. उन्हाचा धोका मोजायचं ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ हे माप १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळासाठी तयार झालं. उष्णतेला सरावण्याचा मोठा अभ्यास दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत, कृष्णवर्णीय मजुरांवर झाला. खाण चालू राहावी म्हणून केलेलं हे संशोधन आज हौशी धावपटूच्या वेळापत्रकात येऊन बसलंय.

आणि हंगामात वडणग्याच्या बाजूनं पहाटे पळताना उसाच्या फडात तोडकरी दिसतात. मोळी डोक्यावर घेऊन एक बाई तिरक्या फळीवरून ट्रॉलीत चढते. फळी मधोमध लवते, ती क्षणभर थांबते, तोल सावरते आणि वर जाते. मला गरगरलं तर मी सावलीला बसतो. तिचा हिशेब टनावर आहे, डोक्यावर मुकादमाची उचल आहे, थांबली तर मजुरी बुडते. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोड करणाऱ्या तरुण माणसांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती हा उपाय पुढं आला. आपल्या फडावर सावलीचं कापड आणि पिण्याचं पाणी ही उपकाराची नाही, कायद्यानं देण्याची गोष्ट व्हायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सोबत्याचं बोलणं उन्हात असंबद्ध झालं, पाय लटपटले, तर त्याला उष्माघात समजा. आधी जागेवरच मिळेल त्या थंड पाण्यानं, बर्फानं अंग गार करा, मग दवाखान्यात हलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

उताराला कमी लेखणं

पन्हाळा चढताना दम लागतो, पण मांड्या भरतात त्या उतरताना. ‘लॅक्टिक ॲसिड साठलं’ असं सगळे म्हणतात, ते चूक आहे. लॅक्टेट तासा-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या दिवशीची ठणक असते ती ताणाखाली आवळलेल्या स्नायूंच्या बारीक इजेची. महिन्यातून दोनदा थोडा उतार पळा, पुढच्या खेपेला दुखणं कमी होईल.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा

शर्यत संपल्यावर हवा तेवढा ओरपा. आदल्या रात्री भात-वरण बरं. दीड तासाच्या वर पळणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, नाही तर मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला पाय दगडाचे होतात. आपला गूळ त्याला उत्तम: लिंबाएवढे खडे कागदात गुंडाळून खिशात ठेवतो. मात्र सरावात खाऊन बघितल्याशिवाय शर्यतीत काहीही नवीन खाऊ नका.

‘बायकांना झेपत नाही’

१९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली आणि ती फार दमवते म्हणून १९६० पर्यंत बंद ठेवली. मॅरेथॉन मिळायला १९८४ उजाडलं. आमच्या ग्रुपमधल्या वहिनी वर्षभर ‘दम पुरत नाही’ म्हणत होत्या, आम्ही त्यांना सराव वाढवायला सांगत राहिलो. हिमोग्लोबिन तपासलं तर ८.९, म्हणजे बरंच कमी. देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. सराव वाढवायच्या आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. पाळी थांबली तर ती फिटनेसची खूण नाही, खाणं कमी पडतंय असं समजून डॉक्टरांकडं जा.

वहिनी आता चांगल्या पळतात, पण सहाच्या आधी निघत नाहीत, कारण रस्त्यावर अंधार असतो. आपणही अंधारात काळा टीशर्ट घालू नका, उजव्या बाजूनं, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं पळा. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं धरून चालू नका. आणि रस्त्यावरचा दिवा बंद दिसला तर थांबून खांबाचा नंबर टिपा. मागच्या महिन्यात आम्ही अकरा खांबांचे नंबर आणि चाळीस सह्या घेऊन अर्ज दिला. सात दिवे लागले आहेत, चारांचा पाठपुरावा चालू आहे.