फँटसी कादंबरीत प्रेम, मैत्री आणि निष्ठा लिहिताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं माझ्याकडे लोकांच्या कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे वाचायला येतात, बहुतेक ओळखीतून, "ताई, जरा नजर टाकाल का" म्हणून, आणि त्यात फँटसी भरपूर असते. नकाशे सुंदर असतात, राज्यांची नावं, देवतांच्या वंशावळी, तलवारींचा इतिहास, सगळं मन लावून केलेलं असतं. आणि मग चार माणसं प्रवासाला निघतात आणि ती एकमेकांवर जीव टाकतात असं लेखक सांगतो. नुसतं सांगतो. दीडशे पानं झाली तरी कोणी कोणासाठी साधी झोपमोड केलेली नसते. तेच तेच वाचून आता खरंच जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतेय.

मित्र म्हणजे हमाल नाही

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक नंबर एक. तीन वर्षांपूर्वी एका मुलाने चारशे पानांचं स्पायरल बाइंडिंग आणून दिलं. नायक राजपुत्र, आणि त्याचा जिवलग मित्र भिवा, नावाड्याचा मुलगा. भिवा बाराव्या पानावर येतो, सामान उचलतो, स्वयंपाक करतो, अधूनमधून हसवतो आणि दोनशे बाराव्या पानावर नायकासाठी बाण झेलून मरतो. नायक एक परिच्छेद रडतो आणि पुढच्या प्रकरणात त्याला दिव्य तलवार मिळते. लेखक म्हणाला, इथे सगळे रडतील बघा ताई. मला काहीच वाटलं नव्हतं, आणि काही वाटलं नाही याचंच वाईट वाटलं कारण मुलाने मेहनत घेतली होती.

मी विचारलं, भिवाच्या घरी कोण कोण आहे? तर म्हणे, "ते महत्त्वाचं नाहीये, तो साइड कॅरेक्टर आहे." मी चिडले. म्हटलं भिवाच्या तोंडची सगळी वाक्यं पिवळ्या हायलायटरने रंगव आणि फक्त तेवढीच वाच. त्याने माझ्यासमोर बसून वाचली. "आता कुठे जायचं?" "तू हे कसं केलंस?" "तुझ्यासारखा कोणी नाही." दोनशे पानांत त्या पोराने स्वतःसाठी एक गोष्ट मागितली नव्हती, साधं "मला भूक लागलीये" पण नाही.

मग एक धागा सापडला. एकतिसाव्या पानावर एक वाक्य होतं, भिवा नेहमी दाराजवळ झोपायचा. लेखकाने सहज लिहिलेलं, त्याला आठवतही नव्हतं. मी विचारलं, का रे दाराजवळच? तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, लहानपणी एका रात्री त्याचा बाप न सांगता होडी घेऊन निघून गेला, तो सकाळी उठला तर घरात कोणी नाही, तेव्हापासून तो दाराला लागून झोपतो, म्हणजे कोणालाही जायचं असेल तर त्याला ओलांडून जावं लागेल.

झालं, तिथे कादंबरी उघडली. कारण जो माणूस दाराजवळ झोपतो त्याला सोडून जाणं ही या गोष्टीतली सगळ्यात मोठी दगाबाजी होणार, आणि नायक नेमकं तेच करतो, एका रात्री भिवाच्या भल्यासाठी म्हणून खिडकीतून निघून जातो. नवीन खर्ड्यात भिवा मरत नाही. तो रागावून घरी जातो, नव्वद पानं गायब असतो, आणि परत येतो तेव्हा पहिल्या मुक्कामाला आतल्या भिंतीकडे झोपतो. लेखकाने त्यावर एक शब्दही स्पष्टीकरण दिलं नाही. मी ते एसटीत वाचलं आणि पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले.

हे पुन्हा लिहायला त्याला पाच महिने लागले, आणि बहुतेकांची इथेच तयारी नसते. तीन प्रकरणं झाली की ती ऑनलाइन टाकायची असतात, लाइक बघायचे असतात, ट्रिलॉजीचं कव्हर बनवायचं असतं. हल्ली तर तयार फॉर्म मिळतात, पात्राचं नाव, डोळ्यांचा रंग, आवडता पदार्थ, भीती, स्वप्न, ते भरलं की माणूस तयार झाला असं वाटतं. नाही होत. भिवाचं दार कुठल्याही फॉर्ममध्ये सापडलं नसतं.

माझी स्वतःची सवय वेगळी आहे, मी उधारीची वही ठेवते. वाण्याकडे असते तशीच, प्रत्येक पात्राचं एक पान. कोणी कोणासाठी काय केलं, काय फेडलं, काय बाकी आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे कोणाला आपण देणेकरी आहोत हेच माहीत नाही. दर दोन प्रकरणांनी नोंद करायची. एखाद्याच्या पानावर नुसतं येणं असेल आणि देणं काहीच नसेल तर समजायचं की तो मित्र नाही, नोकर आहे. मैत्रीत हिशोब नसतो असं म्हणणारे म्हणोत, पण लेखकाला तो ठेवावाच लागतो.

आणि मित्राला मारायचंच असेल तर त्या मरणाने गोष्टीची दिशा बदलली पाहिजे. मेसोपोटेमियातली गिल्गमेशची कथा मातीच्या पाट्यांवर लिहिलेली, माणसाच्या सगळ्यात जुन्या साहसकथांपैकी एक. त्यात गिल्गमेश आणि एन्किडू आधी दारात झुंजतात, एकमेकांना जोखतात, मग मित्र होतात. पुढे एन्किडू रणात मरत नाही, अंथरुणाला खिळून मरतो. गिल्गमेश त्याला पुरूच देत नाही, सहा दिवस सात रात्री बसून राहतो, प्रेताच्या नाकातून किडा पडेपर्यंत. आणि त्यानंतर हा राजा राज्य सोडून मरणावरचा उपाय शोधत रानोमाळ हिंडतो, उरलेली सगळी कथा त्या एका मरणाची आहे. एक परिच्छेद रडून तलवार उचलायला जाणाऱ्या नायकांनी त्या किड्यापाशी थोडं थांबावं.

फुकटातली निष्ठा

चूक नंबर दोन, आणि ही चांगले लिहिणारे पण करतात. सेनापती राजाशी एकनिष्ठ आहे. का? कारण तो एकनिष्ठ आहे. त्याला दुसरीकडून काही ऑफरच नाही, मग निष्ठा कळणार कशी? ज्याच्यासमोर एकच वाट आहे तो त्या वाटेने गेला तर त्यात त्याचं काय मोठेपण.

उद्योगपर्वातला कर्ण बघा. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि सगळं सांगून टाकतो, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, चल, पांडव तुझे पाय धरतील, राज्य तुझं. म्हणजे जन्मभर ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस जळला, कुळ, मान, नाव, ती आयती हातात येतेय. आणि तो नाही म्हणतो. कारणं काय देतो तर मला राधेने दूध पाजलंय, अधिरथाने मुलगा म्हणून वाढवलंय, आणि दुर्योधनाने माझ्या भरवशावर हे युद्ध मांडलंय. आपली बाजू हरणार हे त्याला दिसतंय, तेही तो बोलून दाखवतो. वर कृष्णाला सांगतो, हे धर्मराजाला कळू देऊ नकोस, कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि मला दिलं तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. एका प्रसंगात आईबापांवरचं प्रेम, मैत्री आणि निष्ठा तिन्ही आहेत, आणि तिन्हींची किंमत तो रोख मोजतोय. दुर्योधनाची बाजू चुकीची आहे हे आपल्याला माहीत असूनही गळा दाटतो तो म्हणून.

आणि त्याच महाभारतात दुसऱ्या टोकाला धृतराष्ट्राचेच दोन मुलगे आहेत. विकर्ण भर द्यूतसभेत उठून द्रौपदीच्या बाजूने बोलतो, पण युद्धात भावांकडूनच लढतो आणि भीमाच्या हातून मरतो, आणि भीमालाही त्याचं वाईट वाटतं. युयुत्सु युद्ध सुरू व्हायच्या आधी सगळ्यांदेखत उठून पांडवांकडे जातो आणि जगतो. यातला निष्ठावान कोण? मी हे प्रत्येक नव्या लिहिणाऱ्याला विचारते आणि जो पटकन उत्तर देतो त्याला म्हणते अजून थोडं थांब, लिहू नकोस.

आपल्याकडे घोडखिंडीचा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, जुलै १६६०, पन्हाळ्याचा वेढा, शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसला आणि बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले. फँटसी लिहिणारे हाच प्रसंग नावं बदलून हमखास घेतात, खिंड, तीनशे माणसं, तोफांचे आवाज येईपर्यंत लढणं. पण त्याच्या आधीची एक गोष्ट सोडून देतात, की बाजीप्रभू आधी हिरडस मावळातल्या बांदलांच्या पदरी होते आणि ते बांदल सुरुवातीला महाराजांच्या विरोधात होते. म्हणजे खिंडीतला माणूस एके काळी समोरच्या बाजूला होता, आणि त्याच बांदलांची माणसं पुढे खिंडीत लढली. विरोधापासून खिंडीपर्यंतचा तो मधला रस्ता लिहा ना. खिंड मग एका पानात लिहिली तरी पुरते.

जादूने प्रश्न सोडवू नका

ही खास फँटसीतली खोड. रक्ताची शपथ घेतली, आता मोडली तर माणूस जळून खाक. मग तो शपथ पाळतो ती निष्ठा कशी? ती भीती झाली. तसंच मनातलं वाचणारी मणीमाळ, खोटं बोललं की निळा होणारा दगड. एकदा असा दगड गोष्टीत आणला की विश्वास टाकायची गरजच संपते आणि विश्वास नाही तर मैत्री तरी कशावर उभी करणार. एका खर्ड्यात हा दगड होता, आणि लेखिका तो काढायला तयार नव्हती कारण पहिल्या तीन प्रकरणांत तिला त्याचा फार उपयोग झाला होता. शेवटी तिने तो ठेवला पण नायिका तो वापरायला नकार देते असं केलं. मैत्रीण समोर बसलीये, दगड टेबलावर आहे, आणि नायिका त्यावर रुमाल टाकते. हे मला प्रचंड आवडलं. जादू ठेवा, पण ती नाकारायची सोय ठेवा.

वशीकरणाने झालेलं प्रेम हे प्रेम म्हणून विकू नका, यावर मी वाद घालत नाही.

"माझ्या प्रिय मित्रा"

मराठीत कोणी जिवलग माणसाला "मित्रा" अशी हाक मारतं का? हे डब केलेल्या कार्टूनमधून आलंय आणि आता प्रत्येक कादंबरीत बसलंय. "मित्रा, मी तुझ्यासाठी प्राण देईन." गड्या म्हणा, लेका म्हणा, नुसतं नाव मोडून हाक मारा, शिवी घाला. आपल्याकडे माया वाकड्या वाटेने बोलते, "जेवलास का" मध्ये बोलते, "मर तिकडे" मध्ये पण बोलते.

आणि आपल्या भाषेत तू, तुम्ही आणि आपण असं तीन मजली घर आहे, हे इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडे नाही हो, आपल्याकडे आहे आणि आपणच वापरत नाही! राजकन्या आणि सैनिक पहिल्या भेटीपासून एकमेकांना तू म्हणतात, मग जवळ आल्यावर काय म्हणणार? तो "आपण" वरून "तुम्ही" वर कधी आला, ती पहिल्यांदा "तू" कधी म्हणाली, या जागा ठरवून ठेवा. मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवते, कोण कोणाला काय म्हणतं आणि कुठल्या पानापासून. भांडणात एखादी व्यक्ती "तू" वरून परत "तुम्ही" वर गेली तर त्याला तलवारीपेक्षा जास्त धार असते.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्या नजरेत प्रेम चालेल, पण दुसऱ्या नजरेत काहीतरी खटकू द्या.

गद्दाराला त्याच्या बाजूने एक पूर्ण प्रकरण द्या, पुस्तकात छापू नका हवं तर, पण लिहा.

मेलेला माणूस परत आणलात तर यापुढे कोणाच्याही मरणाला मी रडणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

बारा जणांची टोळी नको. चार सांभाळून दाखवा आधी.

प्रवासात रात्रीचा पहारा कोण देतं, शेवटची भाकरी कोण खातं, पायाला फोड कोणाच्या आलाय हे लिहा. प्रेमाच्या संवादांची निम्मी पानं आपोआप कमी होतील.

आणि घोडे. घोड्यांच्या निष्ठेवर सगळे भरभरून लिहितात आणि त्यांना पाणी कोणीच पाजत नाही. एका खर्ड्यात नायकाचा घोडा वाळवंटातून तीन दिवस दौडत होता, मी समासात लिहिलं, "याने पाणी कधी प्यायलं?" लेखकाला आधी राग आला, म्हणाला वाचक एवढं बघत नाहीत. महिन्याभराने त्याने नवीन अर्धं पान पाठवलं. पखालीत दोन घोट उरलेत, नायकाचे ओठ फुटलेत, तो डोक्याचं मुंडासं सोडतो, उरलेलं पाणी त्यात ओततो, कापड ओलं करून घोड्याच्या तोंडात पिळतो, आणि मग ते ओलसर कापड स्वतः चोखतो. सोबतची मुलगी, जी शंभर पानं त्याला "सरदार, तुम्ही" म्हणत होती आणि ज्याच्यावर तिचा तसूभर विश्वास नव्हता, ती हे बघत बसलेली असते. बराच वेळ ती काही बोलत नाही. मग आपली पखाल त्याच्याकडे सरकवते आणि म्हणते, "घे. तू पण पी."