सुरुवातीच्या रेषेचं कुठलं टोक धरायचं?

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीला कोल्हापुरातून गोव्या-मुंबईला जाणाऱ्या पोरांसाठी: सुरुवातीची रेषा वाऱ्याला नेमकी काटकोनात क्वचितच असते. चुकीचं टोक धरलं की निघतानाच मागे पडता.

१. रेषेच्या मध्यावर जा, शीड सैल सोडा, नाळ (होडीचा पुढचा निमुळता भाग) थेट वाऱ्याच्या तोंडाला धरा.
२. नाळ ज्या टोकाकडे झुकेल, तिथून निघा.
३. वारा फिरतो, शेवटच्या ५ मिनिटांत पुन्हा बघा.

वाऱ्याचा झोत ओळखायला रंकाळ्याचा काठ उत्तम. पाण्यावर सरकणारा गडद पट्टा म्हणजे झोत. रोज बघा, नजर बसते.

जपा: रेषेच्या फायद्याच्या टोकाला गर्दी होते. वारा उजवीकडून घेऊनच या, डावीकडून घेणाऱ्यानेच बाजूला व्हायचं असतं.