अंगणात जिओफोन लावून रस्त्यावरचा डंपर कसा ओळखायचा

आमच्याकडे रात्री चिऱ्याचे डंपर गेले की मांडणीवरची भांडी किणकिणतात, ते किती वाजता नि किती वेळा जातात याची नोंद हवी म्हणून मी हे केलं, तुम्हीपण करू शकता.

जिओफोन म्हणजे लोहचुंबक आणि स्प्रिंगवर लोंबकळणारी कॉइल, जमीन हलली की व्होल्टेज निघतं. १० हर्ट्झवाला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) एसएम-२४ घ्या. तो सेकंदाला १ मीटर वेगाला २८.८ व्होल्ट देतो, म्हणजे जमीन सेकंदाला ०.१ मिमी वेगाने हलली तर तीनेक मिलिव्होल्टच. म्हणून सोबत एडीएस१११५, म्हणजे बारीक व्होल्टेज मोजून आकडे देणारी चिप, आणि ते आकडे वाचायला आर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड. सिग्नल शून्याच्या खालीपण जातो आणि या चिपला मायनस व्होल्टेज चालत नाही, तर १०के (१० किलोओहम) चे दोन रेझिस्टर लावून जिओफोनची एक वायर अर्ध्या सप्लायवर बांधा, डिफरन्शियल मोडमध्ये (दोन वायरींमधला फरक) वाचा, चिपचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायची पट, १६. सेकंदाला २०० रीडिंग पुरतात.

खरं काम बसवण्यात आहे. मातीत असेल तर जिओफोनच्या बुडाचा खिळा पूर्ण आत, वीतभर खोल पुरा, माती ठोकून घट्ट करा. कातळ असेल तर खिळा काढून तळ प्लास्टरने चिकटवा, जरासुद्धा डुगडुगला तर सगळं वाया. माडापासून लांब ठेवा हां, वाऱ्याने माड हलला की मुळं जमीन हलवतात. समुद्राच्या लाटांची धडधड मात्र बहुतेक १ हर्ट्झच्या खालची, ती हा जिओफोन जवळपास ऐकतच नाही. पावसाचे थेंब त्रास देतात, वर पालथी बादली नको, ती ढोलासारखी वाजते, मातीच बरी.

कोडमध्ये ५ ते २५ हर्ट्झचा फिल्टर लावा, म्हणजे तेवढीच कंपनं राहतील, जड गाडीची चाकं स्प्रिंगवर उडतात ती साधारण १० ते १५ हर्ट्झला. मग रीडिंगचं मायनस चिन्ह काढून (नाहीतर सरासरी शून्यच येते) शेवटच्या १ सेकंदाची सरासरी भागिले शेवटच्या ३० सेकंदांची, ३ च्या वर गेलं की नोंद. नारळ पडला तर एकच धप्प, माणूस चालला तर सुटे सुटे ठोके, डंपर मात्र हळूहळू चढतो नि उतरतो, म्हणून ३ सेकंदांपेक्षा कमी टिकलेलं सरळ टाकून द्या.

रस्त्यात खड्डा असेल तर त्याच्यासमोरच लावा, तिथे सिग्नल जोरात येतो. पण तिथे रिकामा डंपरही जोरात आदळतो, तेव्हा आलेखाच्या उंचीवरून भरलेला की रिकामा ते ठरवू नका. पहिल्या दोन रात्री मी पडवीत बसून हातानेही वेळ लिहिली आणि सकाळी नोंदीशी जुळवली, त्यावरूनच भागाकाराचा ३ चा आकडा आपल्या जागेला ३.५ किंवा ४ करायचा का ते कळतं.