हिवाळी पांढऱ्या रंगातले युंकर्स ८७ प्रतिकृतीवर कसे उतरवावे

दुसऱ्या महायुद्धात पूर्व आघाडीवर, म्हणजे सोव्हिएत संघाविरुद्ध, वापरलेल्या युंकर्स ८७ या जर्मन बॉम्बफेकी विमानाची हिवाळी प्रतिकृती करायला घेताना एक गोष्ट आधी मनात पक्की करावी: विमानाचा मूळ रंग हिरवाच होता आणि हिवाळ्यापुरता त्यावर पांढरा हात फिरवलेला असे. २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर हल्ला झाला तेव्हा युंकर्स ८७ ची वरची बाजू काळपट हिरव्या व गडद हिरव्या, म्हणजे जर्मन विमान मंत्रालयाच्या रंगक्रमांकांनुसार आरएलएम ७० आणि ७१ या रंगांची, तर खालची बाजू आरएलएम ६५ या फिकट निळ्या रंगाची होती. बर्फ पडल्यावर हे हिरवे विमान पांढऱ्या मैदानावर लांबूनही उठून दिसू लागले, म्हणून तळावरच्या माणसांनीच धुऊन काढता येणारा पांढरा डिस्टेंपर ब्रशने किंवा फवाऱ्याने चढवला.

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना हा रंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चुन्याच्या भिंतीला टेकून उठले की सदऱ्याच्या पाठीवर पांढरे उमटते, आणि जिन्याच्या वळणावर, जिथे येता-जाता प्रत्येकाचा हात लागतो, तिथे दिवाळीचा हात झिजून आधीचा निळा दिसू लागतो. विमानावरही नेमके हेच घडत असे.

म्हणून प्रथम संपूर्ण उन्हाळी विमान रंगवावे. दोन्ही हिरवे, खालचा निळा, शरीराभोवतीचा पिवळा पट्टा, पंखांच्या टोकांखालचा पिवळा रंग आणि सगळी डिकल्स, म्हणजे क्रॉस व अक्षरांची चिकटवायची चिन्हे, पूर्ण झाल्यावर चकचकीत वॉर्निशचा एक थर देऊन तो दोन दिवस वाळू द्यावा. हे काम पांढऱ्याखाली झाकले जाणार म्हणून त्यात कसूर करू नये, कारण शेवटी नजर ठरते ती डोकावणाऱ्या हिरव्यावरच.

त्यानंतर साधा हेअरस्प्रे दोन पातळ थरांत मारून पंधरा-वीस मिनिटे वाळवावा; तो पाण्याने सुटतो, म्हणून त्यावरचा पांढरा नंतर घासून काढता येतो. त्यावर पाण्याने पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक पांढरा द्यावा. त्यात राखाडीचे दोन-तीन थेंब मिसळावेत, कारण निव्वळ पांढरा लहान प्रतिकृतीवर डोळ्यांना टोचतो. येथे मी एअरब्रशपेक्षा (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनापेक्षा) चपटा ब्रश पसंत करतो. घाईत रंगवणारा माणूस क्रॉस आणि अक्षरांच्या अगदी कडेपर्यंत जात नसे, त्यामुळे त्यांच्याभोवती हिरव्याची एक वेडीवाकडी किनार उरत असे, आणि ती मास्किंग टेपने कापलेल्या सरळ रेषेने कधीच साधत नाही. क्रॉसच्या बाहेर दोन मिलिमीटरवर ब्रश थांबवावा, एका कोपऱ्यात तो थोडा आत जाऊ द्यावा. खालच्या निळ्याला हात लावू नये.

पांढरा हाताला कोरडा लागताच कोमट पाण्यात बुडवून निथळलेल्या आखूड केसांच्या ब्रशने तो हलकेच घासावा. हे काम उद्यावर टाकू नये; एकदा मी प्रतिकृती रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी पांढरा निघेना, निघाला तेव्हा खालच्या हिरव्यासह निघाला. घासण्याआधी प्रत्येक जागेला कारण शोधावे. तळावरचे मेकॅनिक इंजिनापाशी जाण्यासाठी पंखाच्या मुळाशी उभे राहत, तिथे पांढरा जवळजवळ संपलेला असावा. इंजिनावरची झाकणे वारंवार उघडली जात, त्यांच्या कडा झिजवाव्यात. पंखाच्या पुढच्या कडेवर वाऱ्याच्या दिशेने बारीक ओरखडे द्यावेत. शेपटीकडे मात्र कोणी फारसे चढत नसे, तिथला पांढरा बराचसा राहू द्यावा.

धुराचा काळा ओघ पांढऱ्याच्या वर येतो. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या सहा-सहा नळ्यांपासून मागे पंखाच्या मुळापर्यंत पातळ काळपट तपकिरी छटा तीन-चार फेऱ्यांत चढवावी. चिखल व बर्फ अडकू नये म्हणून चाकांवरची मोठी आवरणे पुष्कळदा काढून टाकलेली असत. ती काढायची की ठेवायची, हे निवडलेल्या विमानाचे छायाचित्र पाहून जोडणीच्या आधीच ठरवावे.

शेवटचे मॅट वॉर्निश आपल्याकडच्या पावसाळ्यात टाळावे, कारण दमट हवेत त्यावर दुधाळ झाक धरते. मे महिन्यात थर पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळून खरखरीत होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातली कोरडी सकाळ त्यासाठी सर्वांत सोयीची.