गीझर बाथरूममध्ये, कुलूप ग्रिलला: या चुका टाळा

ओट्याजवळ गॅसगळतीचा अलार्म बसवला की बरेच जण निर्धास्त होतात. पण तो अलार्म एलपीजी ओळखतो; इंधन अर्धवट जळताना तयार होणारा, वास नसलेला विषारी वायू कार्बन मोनॉक्साइड नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला कोण घालणार?

घरात हा वायू बहुतेक वेळा येतो तो बाथरूममधल्या गॅस गीझरमधून. थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला, दार आतून बंद आणि एकामागून एक आंघोळी. गीझर ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी हलवणे हाच खरा उपाय. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा डिटेक्टर त्यानंतरचा. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे तर नकोच.

डिटेक्टर बाथरूममध्ये लावू नका, वाफेने सेन्सर बिघडतो. गॅसच्या शेगडीच्या अगदी वरही नको, पडद्यामागे तर नाहीच. हा वायू हवेत मिसळून खोलीभर पसरतो, त्यामुळे डिटेक्टर एलपीजीच्या अलार्मसारखा फरशीजवळ लावायची गरज नसते. झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दाराबाहेर, झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल असा लावा. उंची सोबतच्या पत्रकात दिलेली असते.

मधूनच एकदा ‘टुक’ वाजत असेल तर बॅटरी संपत आली आहे किंवा सेन्सरचे आयुष्य. मागची तारीख बघा. कर्कश वाजत राहिला तर बॅटरी काढून झोपू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. घरातल्या सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले, मळमळले, तर जेवणाला दोष देण्याआधी गीझर आठवा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, आकडा ९८ दाखवू शकतो. डॉक्टरांना गीझरचे आवर्जून सांगा.

आता आग. अनेक जुन्या इमारतींत मीटरची पेटी जिन्याखालीच असते, म्हणजे पहिला धूर वाटेतच. जिन्यात धूर भरला असेल तर त्यात शिरू नका. लिफ्टही नको. दार लावून फटीत ओली चादर कोंबा, खिडकीशी जा, १०१ लावा. जिन्यातल्या चपलांच्या रॅकबद्दल आणि गच्चीच्या कुलपाबद्दल सोसायटीत भांडण झाले तरी चालेल, ते कराच. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत भरायचा अग्निसुरक्षेचा फॉर्म बी, म्हणजे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, भरला का, हेही सेक्रेटरींना विचारा.

बाल्कनीच्या ग्रिलला उघडणारी झडप हवी आणि किल्ली तिथेच, मुलांचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला. एका रात्री दिवे घालवून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते कुलूप उघडायला लावा. गंजून अडकले असेल तर दुसऱ्या दिवशीच बदला.