खोलीचाच कॅमेरा: समोरची गल्ली भिंतीवर उतरवण्याची रीत

दुपारी पडदे ओढून पडले असता रस्त्यावरून बस गेली की छतावर एक अंधूक पट्टा बसच्या उलट दिशेने सरकत जातो, हे शहरात राहणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेले असते. पडद्याच्या फटीतून आत आलेली ती रस्त्याचीच, पण अर्धवट जमलेली प्रतिमा असते. फटीच्या जागी गोल भोक असते आणि खोलीत याहून अधिक अंधार असता, तर त्या पट्ट्याऐवजी अख्खी बस रंगांसकट आणि चाके वर करून भिंतीवरून गेली असती. काच, वीज किंवा यंत्र यांपैकी काहीही न वापरता हे घडवून आणता येते. कौशल्य लागते ते भोक पाडण्यात नव्हे, तर अंधार करण्यात. म्हणून या कामाचा बहुतेक वेळ त्यासाठीच राखून ठेवावा.

यामागचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे समोरच्या माडाच्या शेंड्यावरून निघालेला किरण भोकातून आत शिरला की खाली उतरतो आणि माडाच्या बुंध्याकडून आलेला वर चढतो. सुमारे १००० वर्षांपूर्वी कैरोत काम करणाऱ्या इब्न अल्-हैथम या शास्त्रज्ञाने या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास केला होता. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातही हेच दिसते: सुमारे ५० मीटर उंचीच्या पूर्वेकडील गोपुराची उलटी प्रतिमा आतल्या भिंतीवर पडते आणि वाटाडे ती मोठ्या अभिमानाने दाखवतात. कौलारू घरात जमिनीवर पडणारे किंवा आंब्याच्या झाडाखाली दिसणारे कवडसे जवळजवळ नेहमी गोल असतात, तेही याच कारणाने. फट कशीही वेडीवाकडी असली तरी ती पुरेशी लहान व दूर असेल, तर खाली उमटते ती फटीची आकृती नसून सूर्याची प्रतिमा असते.

खिडकी निवडताना एकच प्रश्न विचारावा: समोरच्या दृश्यावर ऊन पडले आहे का? आपल्या खिडकीत ऊन येत असेल, तर सूर्य समोर आहे आणि समोरच्या इमारतीची आपल्याकडची बाजू सावलीत आहे. ही वेळ निरुपयोगी समजावी. पश्चिमेला उघडणारी खिडकी सकाळी ८ ते १० च्या सुमारास आणि पूर्वेला उघडणारी दुपारी ४ नंतर उत्तम काम देते. उत्तरेकडची खिडकी वास्तुविशारदांना आवडते, तशी ती या प्रयोगालाही मानवते, कारण डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने तिच्यासमोरच्या भिंती जवळजवळ दिवसभर उजळलेल्या राहतात. पावसाळ्यात या फंदात पडू नये. मजल्याचाही विचार करावा. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरून रस्ता आणि दुकाने भिंतीच्या वरच्या भागात येतात आणि खालच्या भागात आकाश राहते. दहाव्या मजल्यावर मात्र रस्ता इतका खाली असतो की त्याची प्रतिमा थेट छतावर पडते. तेथे भिंतीकडे न पाहता सतरंजीवर उताणे पडून रहदारी पाहावी, जी सोय जमिनीलगत राहणाऱ्यांना नाही.

आता अंधाराकडे वळू. वर्तमानपत्राची एक घडी किंवा खाकी कागद पुरत नाही, कारण त्यातून बराच उजेड झिरपतो. पावसाळ्यापूर्वी छपरावर घालायला मीटरच्या भावाने मिळते ते काळे प्लास्टिक दुहेरी घडी करून लावावे, किंवा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा खिडकीच्या मापाने कापावा. चिकटवण्यासाठी रंगारी वापरतात ती मास्किंग टेप घ्यावी; खोक्यांवरची तपकिरी टेप अधिक घट्ट धरते खरी, पण निघताना भिंतीचा रंगही बरोबर घेऊन जाते आणि मग प्रयोगाचा खर्च घरमालकाशी बोलून ठरवावा लागतो. सरकत्या खिडक्यांच्या दोन काचांमधील फट, दाराखालची फट, एसीच्या नळीभोवतीची जागा आणि स्वयंपाकघराकडचे काचेचे झडप ही गळतीची नेहमीची ठिकाणे असून तेथे जुनी फडकी कोंबावीत. दार लावून पाच मिनिटे आत थांबावे, म्हणजे आधी न दिसलेल्या फटी आपोआप दिसू लागतील. चार्जरवरचे आणि वायफायच्या खोक्यावरचे दिवेही झाकावेत. आरशाचे कपाट असेल, तर त्यावर चादर टाकावी.

भोकाच्या आकाराबाबत पुस्तकी सूत्र आणि डोळा यांचे पटत नाही. भिंत ३ मीटरवर असेल, तर सर्वांत रेखीव प्रतिमेसाठी भोक सुमारे अडीच मिलिमीटरचे असावे, असे सूत्र सांगते. पण त्यातून येणारा उजेड इतका थोडा असतो की पाहुण्यांना काहीही दिसत नाही आणि यजमानाला दिसल्यासारखे वाटते. भोक साडेबारा मिलिमीटरचे केले, तर २५ पट प्रकाश येतो. त्याची किंमत अशी की बाहेरचा प्रत्येक बिंदू भिंतीवर निदान भोकाएवढा फैलावतो, त्यामुळे माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. रिक्षा, झाडे, गॅलऱ्या आणि वाळत घातलेले कपडे मात्र स्पष्ट कळतात. माझ्या मते आरंभ १२ ते १५ मिलिमीटरपासून करावा. प्लास्टिकमध्ये किंवा पुठ्ठ्यात तळहाताएवढी चौकट कापून तिच्यावर काळ्या कार्डशीटचा तुकडा लावावा आणि त्या तुकड्यात नीट गोल भोक कापावे, म्हणजे पुढे वेगळ्या आकाराचे भोक हवे झाल्यास फक्त तुकडा बदलावा लागेल. खिडकीला जाळी असेल, तर भोक गजांच्या मधोमध आणावे. भोकासमोर आलेला गज दृश्यातून एक रुंद काळी पट्टी खाऊन टाकतो. डासांची बारीक जाळी शक्य असल्यास बाजूला सारावी.

पडदा म्हणून समोरची पांढरी भिंत पुरते. भिंतीला रंग असेल, तर एक पांढरे धोतर किंवा चादर ताणून बसवावी आणि पंखा बंद ठेवावा, कारण वाऱ्याने हलणाऱ्या चादरीवर अख्खी गल्ली डुलू लागते. यानंतर थांबायचे असते आणि बहुतेक प्रयोग येथेच फसतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, तर लोक दोन मिनिटांत काही दिसत नाही म्हणून दिवा लावतात. मोबाइल बाहेर ठेवावा. सात-आठ मिनिटांनी आकाशाची निळसर पट्टी प्रथम जाणवते, ती खालच्या बाजूला असते. मग इमारतींच्या कडा आणि शेवटी हलणारी वाहने दिसू लागतात. भिंत भोकापासून ३ मीटरवर आणि रस्ता १५ मीटरवर असेल, तर सुमारे अडीच मीटर लांबीची रिक्षा भिंतीवर अर्ध्या मीटरची होते, म्हणजे ती पाहायला चष्मा शोधावा लागत नाही.

समोरच्या दुकानाची पाटी वाचण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. भिंतीकडे तोंड करून पाहिले असता पाटी फक्त वरखाली उलटलेली असते, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी. म्हणून डोके खाली करून वाचू पाहणाऱ्याला अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात आणि व्यायाम फुकट जातो. तेच धोतर खोलीच्या मध्यावर टांगून त्याच्या मागे, म्हणजे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, तर पातळ कापडातून दिसणारी प्रतिमा पूर्णपणे अर्ध्या फेऱ्याने फिरलेली असते आणि तेथे शीर्षासन करणाऱ्याला पाटी सरळ वाचता येते. ज्यांना शीर्षासन जमत नाही त्यांच्यासाठी पुढे छायाचित्राचा मार्ग सांगितला आहे.

प्रतिमा याहून उजळ आणि रेखीव हवी असेल, तर भोकात भिंग बसवावे. व्हेनिसच्या डानिएले बार्बारो याने १५६८ मध्ये म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याची फुगीर काच वापरण्याचा सल्ला दिला होता आणि तो आजही तसाच लागू पडतो. फक्त नंबर योग्य हवा. वाचनाच्या चष्म्याची +२ ची काच दूरचे दृश्य अर्ध्या मीटरवरच रेखीव करते, ती खोलीला उपयोगाची नाही. चष्म्याच्या दुकानातून +०.५० नंबरची, फ्रेमसाठी न कापलेली गोल काच मागावी. तिचे नाभीय अंतर, म्हणजे दूरचे दृश्य रेखीव जमण्याचे अंतर, २ मीटर असल्याने पडदा साधारण तेवढ्या अंतरावर टांगावा लागतो आणि १५ मीटरवरच्या वस्तूंसाठी तो सुमारे ३० सेंटिमीटर मागे सरकवावा लागतो. भोक ४ सेंटिमीटरचे केले, तर साडेबारा मिलिमीटरच्या भोकाच्या दहापट प्रकाश मिळतो. असेच भिंग बसवलेल्या पेट्या पुढे चित्रकारांच्या हाती आल्या. डच चित्रकार व्हर्मीर अशी पेटी वापरत होता की नाही, यावर कलासमीक्षक अजून हिरीरीने भांडतात, कारण कागदोपत्री पुरावा एकही नाही. आपणही पडद्याच्या जागी मोठा कागद लावून पेन्सिलीने इमारतींच्या कडा गिरवून पाहाव्यात, म्हणजे त्या वादात काही मत बनवता येईल. निदान स्वतःच्याच हाताची सावली किती त्रास देते ते कळेल.

छायाचित्रासाठी मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर किंवा तिपाईवर घट्ट बसवावा, कॅमेऱ्याच्या प्रो प्रकारात जाऊन प्रकाश आत घेण्याचा अवधी १० ते ३० सेकंदांचा ठेवावा आणि हात न लावता टायमरने बटण दाबू द्यावे. भिंतीचे चित्र असेल, तर ते संपादनात वरखाली उलटवावे, आणि कापडामागून घेतले असेल, तर अर्ध्या फेऱ्याने फिरवावे. दोन्ही ठिकाणी पाटी वाचता येईल. एवढ्या दीर्घ अवधीत चालणारी माणसे आणि वाहने चित्रातून नाहीशी होतात, त्यामुळे ऐन गर्दीचा रस्ता संचारबंदीतल्यासारखा दिसतो. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या फ्रेंच दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यु तांप्ल या वाहत्या रस्त्याचे जे छायाचित्र घेतले, त्यातही हेच झाले. त्यात ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस. आपल्या गल्लीत हा मान बहुधा पानाच्या टपरीशी उभ्या असलेल्या मंडळींना मिळेल.

भोकातून किंवा भिंगातून कोणीही सूर्याकडे पाहू नये, ही सूचना मुलांना आधीच द्यावी. सूर्य पाहायचा असेल, तर तो भिंतीवर पाहावा: भिंग काढून ३ मिलिमीटरचे भोक लावले आणि ऊन थेट आत येऊ दिले, तर ३ मीटरवर सुमारे २८ मिलिमीटर व्यासाची सूर्याची चकती मिळते. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे आणि पश्चिमेची खिडकी असलेल्यांना तेव्हा हाच कार्डशीटचा तुकडा पुन्हा कामी येईल. ऑगस्टमधल्या ढगांवर मात्र मास्किंग टेपचा काही इलाज चालत नाही.