पहिलं रिव्हॉल्व्हर घेताय? या चुका टाळा

लायसन हातात पडलं की बहुतेक जण लगेच दुकान गाठतात आणि काउंटरवर जे सगळ्यात छोटं, हलकं नि चकचकीत दिसेल त्यालाच भुलतात. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं निर्भीक रिव्हॉल्व्हर २०१४ ला आलं तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होतं, वजन जेमतेम अर्धा किलो, जवळ बाळगायला सोपं हे खरं, पण शस्त्र जितकं हलकं तितका झटका हाताला जास्त बसतो आणि नवशिक्याचा नेम तिथंच बिघडतो. पहिलं शस्त्र थोडं जडच बरं. कानपूरचंच २०२३ चं प्रबल बघा, ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर आणि सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) बाजूला उघडतो, म्हणजे भरायला-रिकामं करायला सुटसुटीत.

बजेट कमी असेल तर जुनं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बघायला काहीच हरकत नाही, फक्त "मालक ओळखीचा आहे" एवढ्यावर घेऊ नका. कलेक्टर ऑफिस आणि पोलीस स्टेशनला आधी लेखी कळवल्याशिवाय व्यवहार करायचाच नाही. आणि शस्त्र स्वतः तपासा. आधी सगळे चेंबर, म्हणजे सिलिंडरमधली गोळ्यांची घरं, रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघा, नळी सुरक्षित दिशेला, मग घोडा (चाप नव्हे, मागचा हॅमर) अगदी हळूहळू पूर्ण मागे ओढा आणि सिलिंडर बोटाने हलवून बघा, किंचित हलला तर चालेल पण लॉकच झाला नाही किंवा चांगलाच डगडगला तर ते शस्त्र सोडून द्या. हे प्रत्येक चेंबरला करायचं, पाच नीट आणि सहावा बिघडलेला असंही असतं, आणि चेंबर नळीच्या रेषेत नसेल तर गोळीचे शिशाचे तुकडे बाजूने उडतात.

गोळ्यांचा घोळ तर नेहमीचाच. पिस्तुलाची .३२ आणि रिव्हॉल्व्हरची .३२ एक नाही! आपल्याला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागते, पिस्तुलाची .३२ एसीपी वेगळी, "चालते हो, बसते" असं कोणी सांगितलं तरी घालू नका.

सरावात चाप ओढला आणि गोळी उडालीच नाही तर लगेच दुसऱ्यांदा ओढू नका प्लीज. नळी टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. कधीकधी दारू उशिरा पेटते आणि तोवर सिलिंडर पुढे सरकला असेल तर ती गोळी नळीसमोर नसताना फुटते. नेहमीपेक्षा बारीक आवाज आला, फुस्स झालं, तर मात्र सराव तिथंच बंद, रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत काही अडकलंय का ते बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही. सिलिंडर जड फिरायला लागला तर बहुतेक वेळा रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचलेले असतात, जुन्या टूथब्रशने निघतात, तिथं तेल ओतत बसू नका, ते चेंबरमध्ये उतरून गोळीच्या बुडाच्या टोपीपर्यंत (जिच्यावर ठोका बसून दारू पेटते) गेलं की गोळी दगा देते.

आता गोव्याचं खास. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटात कपड्यांना बुरशी येते तिथं लोखंडाचं काय होणार, आणि समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवा बारा महिने आहेच. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून ठेवून देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, चामडं ओल धरतं. होल्स्टर शस्त्र घेऊन बाहेर पडतानाच वापरा, घरी तेलाचा हलका हात फिरवून कुलपात, बाजूला सिलिका जेल, आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा पुसा.

इलेक्शनला शस्त्र जमा करायची ऑर्डर आली तर देण्याआधी साफ करून नळीला आतून तेल लावून द्या, पावती घ्या, आणि परत मिळाल्यावर नळी नि चेंबर उजेडात बघून, कोरड्या कापडाने पुसूनच गोळ्या भरा.